मॉडिफायर २२ लावण्याआधी: अवघड शस्त्रक्रियांचं कोडिंग शिकणाऱ्यांसाठी

गोव्यात बी. फार्म., नर्सिंग किंवा लाइफ सायन्सेस करून मेडिकल कोडिंगला लागलेली मुलं-मुली आता पुष्कळ भेटतात. मी साखळीची. बी. फार्म. झाल्यावर पर्वरीतल्या एका ऑफिसात लागले आणि अमेरिकेतल्या सर्जनांच्या ऑपरेशनांना बिलासाठी कोड लावण्यात नऊ वर्षं गेली. नवीन माणसाचे पहिले काही महिने बरे जातात. साधं पित्ताशय, साधा हर्निया, साधं अपेंडिक्स. मग एका संध्याकाळी वर्कलिस्टमध्ये अशी ऑप नोट (सर्जनने लिहिलेला ऑपरेशनचा अहवाल) येते, जिच्यात दर चार ओळींनी 'डिफिकल्ट' लिहिलेलं असतं, आणि सोबत, काम वाढल्याचं सांगणाऱ्या मॉडिफायर २२ बद्दल, टीम लीडचा निरोप असतो: "२२ लागेल का, बघ."

माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मी लगेच "लागेल" म्हणून मोकळी झाले. नोट चार पानांची होती आणि सर्जनची दमछाक ओळीओळीत दिसत होती. पाच आठवड्यांनी क्लेमचा, म्हणजे विम्याकडे पाठवलेल्या बिलाचा, निकाल आला. मूळ ऑपरेशनचे पैसे दिले होते, वरचा एक डॉलरही नाही. मला शिकवणाऱ्या मॅडमनी नोट माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "अगो, सर्जन दमला हे खरं. पण नेहमीपेक्षा किती जास्त दमला, ते त्याने कुठे लिहिलंय? दाखव मला." मी चारही पानं चाळली. कुठेच नव्हतं.

पुढचं सगळं त्या एका प्रश्नाभोवती आहे.

१. २२ कशासाठी आहे, ते आधी पक्कं करा

अमेरिकेत डॉक्टरच्या प्रत्येक कामाला पाच आकडी सीपीटी कोड असतो. हे कोड अमेरिकन मेडिकल असोसिएशन ठरवते. त्या कोडला जोडायचे दोन आकडे म्हणजे मॉडिफायर. २२ सांगतो की या ऑपरेशनला एरवी लागतं त्याहून बरंच जास्त काम पडलं. पूर्वी याचं नाव 'अनयूज्वल प्रोसिजरल सर्व्हिसेस' होतं. २००८ पासून ते 'इन्क्रीज्ड प्रोसिजरल सर्व्हिसेस' झालं. हा बदल ध्यानात ठेवा. केस नुसती वेगळी किंवा दुर्मिळ असून भागत नाही, काम वाढलेलं असावं लागतं.

आमच्या घरामागे माड आहेत. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, येतो तो माडामागे ठरलेले पैसे घेतो. एक माड ठेंगणा, एक उंच, एक शेजाऱ्याच्या कुंपणावर कललेला. दर सगळ्यांना एकच, कारण दर ठरवतानाच सोपे-अवघड माड एकत्र धरलेले असतात. एकदा मात्र एका माडाच्या शेंड्यात गांधीलमाश्यांचं पोळं निघालं. तो अर्ध्यातून खाली उतरला, वडिलांना बोलावून पोळं दाखवलं आणि "याचे वेगळे द्यावे लागतील" म्हणाला. वडिलांनी दिले.

मेडिकेअर म्हणजे अमेरिकेतला मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा. त्याचा दरही असाच सरासरीवर बांधलेला आहे. त्यांच्या नियमपुस्तिकेत स्पष्ट म्हटलंय की एकाच कोडखाली कमी-जास्त मेहनतीच्या केसेस येणारच, आणि रक्कम वाढवायची ती फार वेगळ्या परिस्थितीतच, कागदपत्रं पाहून. उंच माड म्हणजे अवघड केस, पण दरात धरलेली. पोळं दाखवता आलं तरच २२.

सीपीटीच्या पुस्तकात जादा कामाची कारणं दिली आहेत: कामाची वाढलेली तीव्रता, वेळ, तांत्रिक अवघडपणा, रुग्णाच्या प्रकृतीचं गांभीर्य, आणि सर्जनला घ्यावे लागलेले शारीरिक-मानसिक कष्ट. पुस्तक जादा काम आणि त्याचं कारण, दोन्हींचा पुरावा मागतं. 'बरंच जास्त' म्हणजे किती, याचा आकडा पुस्तकात नाही. आमच्या कामात ढोबळमानाने २५ टक्क्यांच्या खाली कोणी २२ चा विचार करत नाही, पण तो संकेत आहे, नियम नव्हे. अपिलात "२५ टक्क्यांचा नियम" असं लिहू नका.

२२ कुठे लागतच नाही, तेही आत्ताच लिहून ठेवा. डॉक्टरच्या तपासणी-सल्ल्याच्या म्हणजे ई अँड एमच्या कोडना तो लागत नाही. हॉस्पिटलच्या स्वतःच्या बिलावर लागत नाही. तो सर्जनच्या बिलाचा आहे. मेडिकेअरमध्ये ज्या कोडला ०, १० किंवा ९० दिवसांचा ग्लोबल पीरियड (ऑपरेशनच्या दरातच धरलेला देखभालीचा काळ) आहे, त्यालाच तो लावायचा.

घरी आणि गावात मला हमखास विचारतात, आपल्या दीनदयाळ कार्डावर असं काही जादा मिळतं का? दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना गोव्यात २०१६ पासून आहे आणि तिच्यात उपचारांचे पॅकेज दर ठरलेले असतात. मॉडिफायर २२ सीपीटीचा आहे, त्याचा तिथे संबंध येत नाही.

२. हाताशी काय काय हवं

नोट उघडण्याआधी एवढं गोळा करा:

- सर्जनने सही केलेला पूर्ण ऑपरेटिव्ह रिपोर्ट. ऑपरेशननंतर लगेच लिहिलेली पाच ओळींची ब्रीफ नोट चालत नाही.
- अ‍ॅनेस्थेशिया रेकॉर्ड.
- ऑपरेशन थिएटरमधल्या नर्सची नोंद. चीर कधी दिली, टाके कधी संपले, रक्तस्राव किती, हे बहुतेक वेळा इथेच नीट सापडतं.
- ऑपरेशनपूर्व तपासणीची नोट: बीएमआय, आधीची ऑपरेशनं, रेडिएशन झालंय का, रक्त पातळ करणारी औषधं.
- पॅथॉलॉजी आणि स्कॅनचे रिपोर्ट.
- त्या पेयरची (पैसे देणाऱ्या विमा कंपनीची किंवा मेडिकेअरची) २२ बद्दलची लेखी पॉलिसी, आजच्या तारखेला लागू असलेली. कोणी कागद क्लेमबरोबरच मागतो, कोणी नंतर मागवतो.
- चालू वर्षाचं सीपीटी पुस्तक, दर तिमाहीला बदलणारे एनसीसीआय एडिट्स (कोणते कोड एकत्र लावता येत नाहीत ते सांगणारे मेडिकेअरचे नियम), आणि मेडिकेअरचं फी शेड्यूल. त्याच शेड्यूलसोबत प्रत्येक कोडसाठी गृहीत धरलेल्या वेळांची फाइल मिळते. ती नवीन मुलांना कोणी दाखवत नाही. मागून घ्या.

हे सगळे रुग्णाचे खासगी कागद आहेत. स्क्रीनचा फोटो काढून मैत्रिणीला "हे बघ ना जरा" म्हणून पाठवला, तर नोकरी जाते आणि ते योग्यच आहे. कदंब बसमध्ये केसवर चर्चासुद्धा नको.

३. ऑप नोट दोनदा वाचा

पहिल्या वाचनात फक्त काय झालं ते समजून घ्या. दुसऱ्या वेळी कागदावर तीन रकाने आखा: का अवघड झालं, त्यापायी काय वेगळं करावं लागलं, आणि ते नेहमीपेक्षा किती जास्त होतं. नोटमधलं एकेक वाक्य योग्य रकान्यात टाका. पहिला रकाना भराभर भरतो, दुसरा अर्धा भरतो, तिसरा बहुतेक वेळा कोरा राहतो. क्लेम याच कोऱ्या रकान्यात बुडतो.

नमुना म्हणून, मी शिकवायला तयार केलेल्या या दोन नोटा पाहा. ऑपरेशन एकच, दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं, कोड ४७५६२. अ‍ॅढिजन्स म्हणजे आतले अवयव एकमेकांना चिकटवणारे पट्टे, ओमेंटम म्हणजे आतड्यांवरचा चरबीचा पडदा, आणि पोर्ट म्हणजे दुर्बीण आत घालायची नळी.

पहिली नोट: "पोटात दाट अ‍ॅढिजन्स होते. अतिशय काळजीपूर्वक सोडवले. डिसेक्शन फार अवघड होतं. नंतर पित्ताशय काढलं."

दुसरी नोट: "याआधीच्या दोन उघड्या शस्त्रक्रियांमुळे ओमेंटम आणि मोठं आतडं पित्ताशयाला व यकृताच्या खालच्या बाजूला चिकटलेलं होतं. नेहमीच्या जागी पोर्ट घालता आला नाही. डाव्या बाजूने वरून शिरावं लागलं. पित्ताशय नजरेस पडण्याआधी केवळ अ‍ॅढिजन्स सोडवायला ७० मिनिटं लागली. माझ्या हातून हे ऑपरेशन एरवी तासाभरात होतं. आज चिरेपासून टाक्यांपर्यंत १५५ मिनिटं लागली."

पहिलीत कष्ट जाणवतात. दुसरीत मोजता येतात. कारण आहे (आधीच्या शस्त्रक्रिया), जादा काम आहे (पोर्टची जागा बदलली, ७० मिनिटं आतडं सोडवलं), आणि तुलना आहे (तासाऐवजी १५५ मिनिटं). पेयरकडची परीक्षक नर्स दिवसाला अशा कितीतरी नोटा वाचते. तिला कोड्यासारखी सोडवावी लागणारी नोट ती बाजूला ठेवते.

आणखी एक गोष्ट तपासा. त्याच सर्जनच्या मागच्या काही नोटा उघडा. एका सर्जनच्या सलग बारा नोटांत मला 'एक्स्ट्रीमली चॅलेंजिंग' हे शब्द त्याच परिच्छेदात, त्याच विरामचिन्हांसकट दिसले. ते टेम्प्लेटमधून येत होते. सगळ्याच केसेस आव्हानात्मक असतील, तर त्या सर्जनपुरती तीच नेहमीची केस झाली. पेयरला हे आपल्याआधी दिसतं, कारण त्यांच्याकडे वर्षभराचे क्लेम असतात.

४. दुसरा कोड उपलब्ध आहे का, ते शोधा

नवीन मुलांच्या सर्वात जास्त चुका मी इथे पाहिल्या. अवघडपणा दिसला की हात २२ कडे जातो, पण तो अवघडपणा कोडमध्येच धरलेला असतो किंवा त्याला वेगळा कोड असतो.

हर्निया घ्या. २०२३ पासून पोटाच्या पुढच्या भिंतीच्या हर्नियांचे कोड बदलले. पहिल्यांदा झालेल्यांसाठी ४९५९१ ते ४९५९६ आणि पुन्हा उद्भवलेल्यांसाठी ४९६१३ ते ४९६१८. हर्निया किती सेंटिमीटरचा, आत अडकलेला की नाही, हे कोड निवडतानाच ठरतं. म्हणून 'पुन्हा झालेला, मोठा आणि अडकलेला' एवढ्यासाठी २२ नाही. त्या सगळ्याचे पैसे कोडमध्ये आले.

हृदयाची बायपास पहिल्या ऑपरेशननंतर महिना उलटून गेल्यावर पुन्हा करावी लागली, तर त्यासाठी, मुख्य कोडसोबतच लावायचा असा, ३३५३० हा अ‍ॅड-ऑन कोड आहे. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन करताना प्लीहेजवळचा वळसा मोकळा करावा लागला, तर ४४१३९, आणि दुर्बिणीतून असेल तर ४४२१३. चार किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचं ऑपरेशन असेल आणि कोडच्या नियमात बसत असेल, तर मॉडिफायर ६३. अशा जागी २२ लावला की पुस्तक न वाचता काम केल्याचं लगेच कळतं.

उलट, अ‍ॅढिजन्स सोडवण्याला स्वतंत्र कोड आहेत, ४४००५ आणि दुर्बिणीतून ४४१८०, पण पोटातल्या दुसऱ्या ऑपरेशनसोबत ते वेगळे लावता येत नाहीत. एनसीसीआयचं धोरण इथे स्वतःच सांगतं: अ‍ॅढिजन्स सोडवण्याचं काम मोठं आणि वेळखाऊ असेल, तर मुख्य ऑपरेशनच्या कोडला २२ जोडता येतो, जादा पैसे द्यायचे की नाही, हे मेडिकेअरचा त्या भागातला कंत्राटदार ठरवेल. पोटाच्या ऑपरेशनांत खरा २२ बहुतेक इथूनच निघतो. म्हणूनच वरची ७० मिनिटं इतकी महत्त्वाची.

इतर सापळे थोडक्यात:

- दुर्बिणीतून सुरू केलेलं ऑपरेशन पोट उघडून पूर्ण केलं, तर फक्त उघड्या ऑपरेशनचा कोड लागतो. पित्ताशयाचं असेल तर ४७६००. नुसतं 'कन्व्हर्ट केलं' हे २२ चं कारण होत नाही.
- बीएमआय ४५ आहे, एवढंच पुरत नाही. त्या लठ्ठपणामुळे ऑपरेशनमध्ये काय वेगळं करावं लागलं, ते नोटमध्ये हवं.
- रोबोट वापरला म्हणून २२ नाही.
- ऑपरेशन करताना सर्जनच्याच हातून झालेली इजा दुरुस्त करण्यात गेलेला वेळ जादा काम म्हणून दाखवू नका.
- केलेलं काम कुठल्याच कोडच्या वर्णनात बसत नसेल, तर जवळचा कोड घेऊन त्याला २२ लावण्यापेक्षा अनलिस्टेड कोड (ठरलेला कोड नसलेल्या कामासाठीचा) घ्या. त्या कोडला २२ लावायचा नाही.

कधीकधी क्लायंटच्या ऑफिसातून निरोप येतो: "या सर्जनच्या सगळ्या रोबोटिक केसेसना २२ लावून टाका." लावू नका, आणि तो निरोप लेखी स्वरूपात टीम लीडकडे द्या. अमेरिकेत सरकारी पैशाच्या खोट्या दाव्यांसाठी १८६३ पासूनचा फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट आहे आणि त्यात नुकसानीच्या तिपटीपर्यंत वसुली होऊ शकते. सर्जनचं नाव बुडतं, आणि कोडरची नोंद ऑडिटमध्ये कायम राहते.

५. वेळ मोजताना कुठला वेळ मोजायचा

अ‍ॅनेस्थेशियाचा एकूण वेळ म्हणजे ऑपरेशनचा वेळ नव्हे. भूल देणं, रुग्णाला टेबलावर नीट झोपवणं, नंतर जागं करणं, हे सगळं त्यात असतं. अ‍ॅनेस्थेशिया रेकॉर्डवर २१० मिनिटं आणि नर्सच्या नोंदीत चिरेपासून टाक्यांपर्यंत १५५ मिनिटं असतील, तर १५५ घ्या. नवीन मुलं मोठा आकडा उचलतात. परीक्षक दोन्ही कागद शेजारी ठेवते आणि तो एक आकडा फुगलेला दिसला की तिचा बाकीच्या पानांवरचा विश्वासही उडतो.

तुलना दोन प्रकारे करता येते. सर्जनचा स्वतःचा नेहमीचा वेळ, किंवा मेडिकेअरच्या वेळांच्या फाइलमधला त्या कोडचा प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचा वेळ. मला सर्जनचा स्वतःचा वेळ जास्त भक्कम वाटतो, कारण तो त्याच हातांचा असतो. दोन्ही असतील तर दोन्ही द्या.

आणि वेळ एकटा उभा करू नका. उशीर कशानेही होतो: उपकरण बिघडलं, शिकाऊ डॉक्टरला करायला दिलं, रक्ताची पिशवी यायला वेळ लागला. कारणाशी बांधलेलाच वेळ मोजला जातो.

६. सर्जनला विचारा, पण उत्तर त्याच्या तोंडी घालू नका

तिसरा रकाना कोरा असेल, तर सर्जनला क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, पाठवायची. इथे हात फार सांभाळून चालवावा लागतो.

"२२ लावायचा आहे, कृपया केस ५० टक्के जास्त अवघड होती असं लिहा," ही क्वेरी चुकीची आहे. तुम्ही उत्तर पुरवलंत, पैशांचा उल्लेख केलात. ऑडिटमध्ये ही एक ओळ सापडली तर पुढचं सगळं संशयास्पद ठरतं.

बरोबर क्वेरी अशी: "ऑपरेटिव्ह रिपोर्टमध्ये दाट अ‍ॅढिजन्स आणि ते सोडवल्याची नोंद आहे. नर्सच्या नोंदीनुसार चीर ८.१० ला आणि टाके १०.४५ ला. आपल्या वैद्यकीय मतानुसार या केसमधलं काम या ऑपरेशनच्या नेहमीच्या कामासारखंच होतं, की वेगळं होतं? वेगळं असल्यास कशा प्रकारे, ते कृपया नोंदवावं." यात 'नेहमीसारखंच होतं' असं उत्तर द्यायला सर्जन मोकळा आहे, आणि काही वेळा तो तसंच देतो. मग विषय संपला, २२ नाही.

क्वेरी कधी पाठवता, याचाही फरक पडतो. अमेरिकेचा पूर्व किनारा तिकडच्या उन्हाळी वेळेत (मार्च ते नोव्हेंबरची सुरुवात) आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतो, हिवाळ्यात साडेदहा. दुपारी चारला पाठवलेली क्वेरी उन्हाळ्यात तिकडे सकाळी साडेसहाला पोचते, सर्जन पहिल्या केसला हात धुवायला जाण्याआधी. रात्री पाठवाल तर ती त्याच्या ओपीडीच्या गर्दीत हरवते. मी वर्षानुवर्षं चारच्या आत पाठवत आले आहे, आणि उत्तरं बहुतेक त्याच संध्याकाळी येतात.

उत्तर आल्यावर ते रिपोर्टला पुरवणी म्हणून जोडलं जातं. पुरवणीवर त्या दिवसाची तारीख आणि सर्जनची सही हवी, आणि मूळ मजकूर जसाच्या तसा राहायला हवा. ऑपरेशननंतर चार दिवसांनी आलेल्या पुरवणीला वजन असतं. क्लेम नाकारल्यानंतर लिहिलेल्या पुरवणीकडे पेयर वेगळ्या नजरेने बघतो. माझ्या त्या पहिल्या केसमध्ये मॅडमच्या सांगण्यावरून मी सर्जनला दोन महिन्यांनी विचारलं होतं. त्याने प्रामाणिकपणे लिहिलं की एवढ्या केसेस झाल्या, त्या दिवशी किती वेळ कुठे गेला ते आता आठवत नाही. अपील केलंच नाही. त्या माणसाने खरोखर कष्ट घेतले होते आणि त्याचे पैसे गेले, हे मला अजूनही लागतं. ज्या आठवड्यात नोट आली, त्याच आठवड्यात मी विचारायला हवं होतं.

७. अर्ध्या पानाचं निवेदन

मेडिकेअर २२ सोबत दोन गोष्टी मागतं: ऑपरेटिव्ह रिपोर्ट, आणि ही सेवा नेहमीपेक्षा कशी वेगळी होती हे सांगणारं छोटं निवेदन. मसुदा तुम्ही केलात तरी सही सर्जनची, आणि त्यातला एकेक आकडा रिपोर्टमध्ये सापडला पाहिजे. रिपोर्टमध्ये नसलेलं काहीही निवेदनात नको.

भाषा साधी ठेवा, कारण वाचणारी व्यक्ती सर्जन असेलच असं नाही. मी हा क्रम पाळते: कोणतं ऑपरेशन, नेहमी त्यात काय होतं आणि किती वेळ लागतो, या रुग्णात काय आढळलं, त्यामुळे कोणती वेगळी कामं करावी लागली, किती वेळ लागला, रक्तस्राव नेहमीपेक्षा जास्त झाला असल्यास किती, आणि शेवटी रिपोर्टच्या कोणत्या पानावर, कोणत्या परिच्छेदात हे लिहिलंय. शेवटची ओळ नवीन मुलं गाळतात. पानाचा आकडा दिला की परीक्षकाला शोधावं लागत नाही, आणि शोधावं न लागणं हेच तुमच्या हातात असलेलं सर्वात मोठं बळ आहे.

विशेषणं काढून टाका. 'अत्यंत', 'भयंकर', 'अभूतपूर्व' यातलं एकही नको.

८. क्लेम भरताना

सीएमएस-१५०० या क्लेमच्या फॉर्मवर २४ डी रकान्यात कोडपुढे २२ येतो. दुसरा मॉडिफायर असेल तरी रकमेवर परिणाम करणारा आधी, म्हणून २२ पहिल्या जागी. युनिट एकच. एकाच दिवशी तीन ऑपरेशनं झाली असतील, तर जे अवघड गेलं त्याच ओळीला २२, तिन्हींना नाही.

निदानाचे कोड अवघडपणाचं कारण सांगणारे हवेत. पित्ताशयाच्या खड्यांचा कोड आधी, त्यामागे अ‍ॅढिजन्सचा के ६६.०. लठ्ठपणा कारण असेल तर त्याचा कोड आणि बीएमआयचा झेड ६८ गटातला कोड. बीएमआयचा आकडा नर्सच्या नोंदीतून घेता येतो, पण लठ्ठपणाचं निदान डॉक्टरनेच लिहिलेलं असावं लागतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून लठ्ठपणाचे तीन वर्ग ई ६६.८११, ई ६६.८१२ आणि ई ६६.८१३ असे वेगळे झाले आहेत; जुन्या चीट-शीटवर विसंबू नका.

मागितलेली रक्कम बघा. २२ लावला आणि चार्ज मात्र नेहमीचाच ठेवला, तर अनेक पेयर तेवढेच पैसे देऊन मोकळे होतात. चार्ज वाढवण्याचा निर्णय सर्जनच्या ऑफिसचा असतो, आपला नाही; पण "२२ आहे, चार्ज पाहिलात का?" एवढं विचारणं आपलं काम आहे.

कागदी क्लेमवर १९ क्रमांकाच्या रकान्यात छोटी टीप देता येते, इलेक्ट्रॉनिक क्लेममध्ये एनटीई सेगमेंटमध्ये (सेगमेंट म्हणजे क्लेमच्या फाइलचा ठरलेला भाग). जोडपत्रं पाठवायची असतील तर पीडब्ल्यूके सेगमेंट भरून कागद वेगळे जातात, आणि मेडिकेअर त्यांची वाट फार दिवस पाहत नाही: फॅक्सने ७ दिवस, टपालाने १०. क्लेम शुक्रवारी पाठवून कागद "सोमवारी बघू" म्हणून ठेवले, की ते विसरतात. दोन्ही एकाच बैठकीत पाठवा.

९. जादा पैसे आले नाहीत तर

पहिलं काम: कागद त्यांच्यापर्यंत पोचले होते का, ते तपासा. निकालावर २५२ हा कारण-कोड असेल, तर त्यांना जोडपत्र हवंय, एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळदा फॅक्स पोचलेलाच नसतो. अशा वेळी अपिलाच्या भानगडीत न पडता त्यांनी सांगितलेल्या मार्गाने कागद पुन्हा द्या.

कागद पाहूनही नकार दिला असेल, तर मेडिकेअरमध्ये निकाल हाती आल्यापासून १२० दिवसांत पहिलं अपील करायचं. तिथेही नकार आला तर दुसऱ्या पायरीसाठी १८० दिवस. एकूण पायऱ्या पाच आहेत, पण २२ साठी दुसरीपलीकडे गेलेली केस माझ्या हातून एकही नाही. खासगी पेयरच्या मुदती करारात असतात आणि त्या बऱ्याच कमी असू शकतात. निकाल आला त्याच दिवशी करार उघडून शेवटची तारीख कॅलेंडरवर टाका. मूळ क्लेमसाठी मेडिकेअरची मुदत ऑपरेशनच्या तारखेपासून एक वर्ष आहे.

अपिलात "कृपया पुनर्विचार व्हावा" याला काही अर्थ नाही. ते तीन रकाने टाइप करून पाठवा: कारण, जादा काम, किती जास्त, आणि प्रत्येकापुढे रिपोर्टचं पान. नकाराच्या पत्रात जे कारण दिलंय, त्यालाच उत्तर द्या. 'अ‍ॅढिजन्स मूळ कोडमध्ये समाविष्ट आहेत' असं म्हटलं असेल, तर एनसीसीआयच्या धोरणातला मजकूर जोडा आणि ७० मिनिटांकडे बोट दाखवा. नकाराचं कारण पटण्यासारखं असेल, तर अपील करू नका आणि सर्जनच्या ऑफिसला तसं स्पष्ट कळवा.

मी एक साधी एक्सेल फाइल ठेवते. रुग्णाचं काहीही नाही त्यात; फक्त कोड, पेयर, अवघडपणाचं कारण, नोटमध्ये वेळ लिहिला होता की नाही, पुरवणी किती दिवसांनी आली, आणि निकाल. दर तीन महिन्यांनी टीम लीडमार्फत ती सर्जनच्या ऑफिसला जाते. एका ऑफिसने ती पाहिल्यावर आपल्या नोटच्या साच्यात दोन रिकाम्या ओळी वाढवल्या: 'या ऑपरेशनला मला नेहमी लागणारा वेळ' आणि 'आज लागलेला वेळ, आणि कारण'. अवघड केस नसेल तेव्हा सर्जन त्या ओळी कोऱ्या सोडतात. त्या ऑफिसच्या केसेसना मला आता क्वेरी क्वचितच पाठवावी लागते.